देवळाच्या कर्ण्यावर सासू-सुना

अ‍ॅम्प्लिफायर, त्याची सागवानी पेटी, माइकचा दांडा आणि कर्णा टांगायचं लोखंडी ब्रॅकेट, हे सगळं मी स्वतःच्या हातानं बनवलं. शिकवायला कुणी नव्हतं. चौकातला हा फळा वाचणाऱ्या मंडळींनो, आज माझंही वाचा.

देवळातल्या बुवांचं कीर्तन रोज संध्याकाळी त्या कर्ण्यावरून अख्ख्या पेठेत जायचं. बुवांचा आवाज खर्जातला, म्हणून मशीनही मी त्याच बेतानं जुळवलेलं. आज पंचांनी ठरवलं, कीर्तन फक्त एकादशीला. एरवी मंडळाची पोरं माइकवर सासू-सुनेची नाटुकली करणार.

"घरच्या बायापोरांस्नी करमणूक नगं व्हय?" थोरले पंच म्हणाले.

"मग माझं मशीन परत द्या."

"आवं मिस्त्री, देवाला वाहिल्यालं कुणी माघारी नेतं का?"

मी बुवांकडे पाहिलं. ते तर मान खाली घालून बसलेले. घरी आलो, तर बायको दारात उभी राहून पहिलंच नाटुकलं ऐकत हसत होती. "लय झ्याक हाय की वो!"

वाहिलेल्या वस्तूवर आपला शब्दही चालू नये का? तुम्हीच सांगा.

या नाटुकल्यांसाठी मशीन चालवायला पंच मला महिना साठ रुपये देऊ करत होते. मी नको म्हणालो.