काकींच्या ओट्यावरची जेली

छापून आलेली बातमी दुसऱ्या दिवशी वडापाव गुंडाळायला जाते. न छापलेली मात्र बातमीदाराच्या डोक्यात मुक्काम ठोकते आणि काही केल्या हलत नाही. माझ्या डोक्यातली अख्खी खोली मालतीकाकींच्या स्वयंपाकघराने अडवली आहे. २०१८ संपता संपता डहाणू-तलासरीची जमीन हादरायला लागली आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबेना, तेव्हाचे हे किस्से.

*

सुरुवात संपादकांच्या फोनने झाली.

"भूकंप खूप झाला. वाचक कंटाळलेत. रविवारच्या पुरवणीला काहीतरी गोड दे. तुमच्याकडे कोणी बाई व्हिक्टोरिया राणीच्या काळातली पुडिंगं करते म्हणे."

"साहेब, इथे लोक थंडीत घराबाहेर झोपताहेत."

"ते आता रोजचंच ना?"

"एक धक्का तुमच्या केबिनमध्ये पाठवतो. मग सांगा रोजचा वाटतो का."

फोन आपटला, आणि गेलो. नोकरी होती.

*

तलासरीच्या रस्त्याला काकींची चिकूवाडी. मुलगा नीलेश तिथे मुंबईच्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या चालवतो. काकींचे आजेसासरे एका गोऱ्या जंगल अधिकाऱ्याच्या बंगल्यावर खानसामा होते. तिथल्या मडमेने शिकवलेलं या घरात सुनांकडून सुनांकडे आलं. फडक्यात बांधून वाफवलेलं चिकूचं पुडिंग, ताडगोळ्यांचं कस्टर्ड, आणि ज्या मोसमात जे फळ त्याची जेली. थंडीत पेरू, उन्हाळ्यात करवंद, मग जांभूळ.

"मडम जेली धरायला जनावराचे खूर उकळायची," काकी म्हणाल्या. "आजेसासऱ्यांनी चायना ग्रास घातलं. तेही बेतानं. जास्त पडलं की दगड होतो. ताटलीत थरथरली नाही तर साहेब परत पाठवायचा."

त्यांनी तांब्याचा साचा उपडा केला. पेरूची गुलाबी जेली ओट्यावर उभी राहिली, थरथरली, थांबली. आम्ही बघत असतानाच पुन्हा थरथरायला लागली.

ओटा कडाप्प्याचा, भिंतीत बसवलेला. कोणी हातही लावला नव्हता.

"येतोय," म्हणत काकींनी पदर खोचला आणि त्या अंगणात गेल्या. मी मागोमाग. बाहेर पोचलो आणि जमिनीखालून आवाज आला, विहिरीत सुरुंग उडावा तसा. पायाखालची फरशी उचलून कोणी परत ठेवल्यासारखी वाटली.

मी हे सगळं लिहिलं. पुरवणीत पाककृती आली. जेलीची थरथर तेवढी संपादकांनी कापून टाकली होती.

*

पुरवणी वाचून मुंबईचं एक जोडपं आलं. तिने जेलीवर मोबाइल रोखला. "बघ ना, किती क्यूट हलतेय!"

"टेबल हलवू नकोस," तो म्हणाला.

"मी तर तुझ्या मांडीवर हात ठेवलाय."

दोघांनी एकमेकांचे हात पाहिले, मग जेलीकडे पाहिलं. तेवढ्यात खिडकीची तावदानं वाजली. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा तिच्या पायात चपला नव्हत्या.

काकींना वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. "चमचाभर तरी खायची होती."

*

मग एक सरकारी साहेब नुकसानीच्या पाहणीला आले. नाव लिहीत नाही, अजून नोकरीत आहेत. चुलीच्या वरच्या वाशापासून भिंतीत उतरलेली भेग त्यांनी लांबून बघितली आणि "जुनं बांधकाम" असं बोलले. काकींनी बशी पुढे केली. जेली थरथरली.

"तुमचा ओटा पक्का नाही," साहेब म्हणाले.

"हात ठेवून बघा ना."

त्यांनी पंजा ओट्यावर दाबला. ओटा गप्प. जेली थरथरतच होती. साहेबांनी हात हळूच उचलून खिशात घातला. "आपण बाहेर बसून बोलू या."

अहवालात लिहिलं, 'नुकसान किरकोळ. घाबरण्याचं कारण नाही.' मी कचेरीत जाऊन विचारलं, "कारण नव्हतं, तर बाहेर का बसलात?"

"हवा छान होती."

*

नीलेशने अंगणात ताडपत्रीचा तंबू ठोकला होता. बायको-पोरं तिथे राहायची. काकी मात्र स्वयंपाकघर सोडायला तयार नव्हत्या. भेग बोटभर रुंद झाली होती आणि काकी बरोब्बर तिच्या खाली बसायच्या.

"आई, एक दिवस वासा डोक्यात येईल."

"त्याआधी ही सांगेल." काकींनी बशीतल्या जेलीकडे बोट केलं. "ती हलली की मी उठते. आजवर चुकली का?"

"तिला पाय नाहीत आणि तुझे गुडघे चालत नाहीत. दोघींच्या भरवशावर कसा बसू मी?"

नीलेश हसत बोलायचा, पण आईच्या पाटाशेजारीच बसून जेवायचा आणि जेवताना वर बघायचा. मला एकदा म्हणाला, "भाऊ, तुम्ही सगळ्यांशी भांडता. हिच्याशी भांडा ना."

भांडलो. काकींनी मला पुडिंग वाढलं.

*

जांभळं आली तेव्हाची गोष्ट. दुपार होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, नीलेश अंगणात टोपल्या रिकाम्या करत होता. ओट्यावर जांभळाची जेली, जवळजवळ काळी. काकी पाटावर, नजर तिच्यावर.

आधी वाडीतला कुत्रा पळाला, न भुंकता. मग तो आवाज, या वेळी अगदी घराखालून. फळीवरची तांब्याची भांडी एकेक करून खाली आली. भेगेतून माती सांडायला लागली. मी धरलेली दाराची चौकट हलत होती.

जेली हलत नव्हती. कडाप्पा थडथडत होता, बशी वाजत होती, आणि जेली बशीत ओतीव लोखंडासारखी उभी.

"काकी, उठा."

"हलली नाही अजून," काकी म्हणाल्या. केसांत माती पडत होती.

नीलेश मला ढकलून आत शिरला. आईला त्याने पाटासकट उचललं. आम्ही तिघं चिकूच्या झाडापर्यंत पोचलो आणि मागे वासा मोडला. कौलं आत बसली, पुढची भिंत कोसळली. बराच वेळ नुसती धूळ.

मग सगळं शांत झालं. पानसुद्धा हलेना. पडलेल्या भिंतीतून ओटा स्पष्ट दिसत होता. त्यावर बशी, बशीत जेली. एक कण पडला नव्हता तिच्यावर.

"बघितलंस?" नीलेश धापा टाकत म्हणाला. "चुकली तुझी जेली."

काकींनी माझं मनगट धरलं. शांत जमिनीवर, शांत ओट्यावर जेली थरथरायला लागली होती. थांबत नव्हती.

"बाहेर जायला सांगतेय," काकी म्हणाल्या.

"आई, आपण बाहेरच आहोत."

काकींनी नाही म्हणून मान हलवली आणि फाटकापलीकडे बोट केलं.

"अजून बाहेर."