आप्पांना कोणी उठवलं नाही

दीड महिना झाला. दुपारी आपल्या पाळीने जेवायला सुटून सामानाच्या खोलीत गेलेला विणकर यशवंत पळत शेडमध्ये आला. मागांच्या खडखडाटात त्याचं बोलणं कळेना... चेहऱ्यावरून कळलं. मी धावलो. आप्पा सुताच्या पोत्यांवर कुशीवर झोपलेले होते. अंग गार पडलं होतं.

भिका आप्पा धुळ्याकडचे, कडोदऱ्याच्या आमच्या कारखान्यातले मास्तर. माग बंद पडला की विणकराने मास्तरला हाक मारायची, ही सगळीकडचीच रीत. मी नवा होतो तेव्हा असाच धावत गेलो, तर म्हणाले, "तुले काय वाटस?"

"मला काय कळणार? मास्तर तुम्ही."

"माग दिवसभर तुझ्यासमोर चालतो, माझ्यासमोर नाही," म्हणाले आणि चहाला निघून गेले. मला रडू आलं होतं. दोन तास झटलो, पण माग चालू झाला तो माझ्या हातून. आम्ही बाराही विणकर असेच तयार झालो. शेठ चिडून गुजरातीत पगार कशाचा घेता ते विचारायचे, "भिकाभाई, पगार शेनो लो छो?" आप्पा शांतपणे सांगायचे, "मी नसताना कारखाना चालावा, त्याचा." पुढे त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, ऑपरेशनसाठी ते महिनाभर गावी होते आणि एकही माग अडून राहिला नाही. त्यानंतर शेठ गप्प झाले.

त्या दिवशी सकाळी आप्पा म्हणाले, छातीत जळजळतंय, पित्त असेल, जरा पडतो. नंतर तीन माग बिघडले. तिन्ही आम्हीच चालू केले. यशवंत एकदा त्यांना विचारायला निघाला होता. मीच त्याला अडवलं. "झोपू दे त्यांना. आपल्याला येतंय की." ...डॉक्टर म्हणाले, जाऊन दोन-तीन तास झाले असावेत. वेळेवर आणलं असतं तर?

तेराव्याला मी काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांनीच शिकवलं ना तुम्हाला." हा दिलासा होता की ठपका, मला अजून कळलेलं नाही.

आता शेठनी मला मास्तर केलंय. मलाही कोणी हाक मारत नाही. तरी तासातासाला मी एकेकाजवळ जाऊन उभा राहतो. काल यशवंतने विचारलं, "भाऊ, काही काम होतं?"

"नाही. बरा आहेस ना?"

त्याला ऐकू गेलं नाही. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा विचारलं.