शंभर जणांचा राजमा

शिंदेवहिनींनी पिशवीतून पुस्तक काढून काउंटरवर ठेवलं आणि मी आधी गल्ल्यावरच्या मालकांकडं पाहिलं. आठवड्यापूर्वी मीच निवडून दिलेलं कुकबुक. कव्हरवर तुपाचे डाग, आत हळदीचा अंगठा.

आमच्या मालकांचा, सरदारजींचा नियम साधा होता. "पुत्तर, तेरी दी हुई किताब वापस आई, तो तू भी वापस." वापस म्हणजे बार्शीला. सातवीत शाळा सोडलेल्याला चंदिगडात, तेही पुस्तकांच्या दुकानात, नोकरी देणारा हा एकच माणूस भेटला होता. सकाळी शटर उचलताना मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडायचो आणि मग दिवसभर घाबरायचो.

वहिनी लग्न होऊन नुकत्याच आलेल्या. नवरा फौजेत कॅप्टन. "भाऊ, ह्यांना पंजाबी जेवण आवडतं आणि मला पिठल्यापलीकडे काही येत नाही. सोपंसं द्या." मी हिंदीतलं दिलं. मोठी अक्षरं, रंगीत फोटो.

"आता हे वाचा," वहिनी म्हणाल्या.

वाचलं. राजमा, सहा किलो.

"मला आधी वाटलं, पंजाबात खातातच एवढं!"

हॉटेलच्या धंद्यात याला क्वांटिटी कुकिंग म्हणतात. हॉटेलचं शिकणाऱ्या मुलांचं पुस्तक. प्रत्येक कृती शंभर पोर्शनची. पोर्शन म्हणजे एका माणसाचं ताट. प्रस्तावनेत तसं लिहिलं होतं, पण इंग्रजीत. मी फोटो बघून दिलेलं.

"तो ये दाग?" सरदारजींनी विचारलं.

वहिनींच्या शेजारी लग्न होतं. ते पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस. अंधाराआधी वरात घरी पोचावी म्हणून लग्नं दिवसाच लागायची. पण भर दुपारी कर्फ्यू लागला. वरात मांडवातच अडकली, हलवाई शहराच्या दुसऱ्या टोकाला. मोठी पातेली तेवढी आदल्या दिवशी येऊन पडलेली.

"मग काय, घराघरातून राजमा गोळा केला," वहिनी म्हणाल्या. "मी वाचत होते, बायका ढवळत होत्या. नवऱ्यामुलानं दोनदा मागून घेतला!"

सरदारजी खूश. "तो फिर वापस क्यों, बेटी?"

"वरात गेली ना! आता आम्ही दोघंच."

सरदारजींनी माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं.

"ये वापसी थोड़ी है, अदला-बदली है," ते म्हणाले. "जा, घरवाली किताब ला. बार्शी का टिकट बच गया तेरा."

ती डागाळलेली प्रत आम्ही विकलीच नाही. आसपासच्या लग्नांना उसनी जायची आणि दोन डाग नि मिठाईचा डबा घेऊन परत यायची.

तेव्हापासून कुकबुक मागायला कुणी आलं की काय शिजवणार ते मी नंतर विचारतो. आधी विचारतो, जेवायला माणसं किती? त्या वर्षांत बायका बाहेरच्या उन्हाकडं बघून म्हणायच्या, "अंधार पडायच्या आत घरी पोचतील तितकी."

मी चौघांचं पुस्तक द्यायचो आणि सांगायचो, मूठभर जास्तच टाका.