साडभाऊ पांढरे होतात

चामोर्शीपासून गडचिरोलीपर्यंत माझ्या साडभाऊंइतके काळे केस कोणाचेच नव्हते, देवाने काळे दिले त्यांचेही नव्हते. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. वय साठीपार, पण डोकं असं काळंभोर की उन्हात त्यावर निळी झाक मारायची. चामोर्शीत त्यांची धानाची गिरणी आहे. तिथे संध्याकाळपर्यंत हमालापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांची डोकी कोंड्याने पांढरी होतात, साडभाऊ मात्र घडीघडी दुपट्ट्याने डोकं झटकत बसायचे. दर रविवारी अंगणात आरसा टांगून ते जुन्या टूथब्रशने डाय लावत आणि आधीचा थर उतरायच्या आत त्यावर नवा चढवत. घरातल्या एकाही उशीचा अभ्रा मूळ रंगाचा उरला नव्हता. एकदा भर वैशाखातल्या लग्नात त्यांच्या कपाळावरून काळे ओघळ निघाले. शेजारच्या पाहुण्याने बिचाऱ्याने रुमाल पुढे केला. साडभाऊंनी तोंड पुसलं, काळाकुट्ट रुमाल परत दिला आणि वर त्यालाच सुनावलं, "कच्च्या रंगाचा रुमाल काऊन वापरता भाऊ? पाहा, सारा रंग सुटून राह्यला."

असा हा गडी एका चिमुरडीने चीत केला. त्यांची लेक गडचांदूरला दिलेली, तिची ही पोरगी. तिचे तिकडचे आजोबा कापसासारखे पांढरे, त्यांना ती आजोबा म्हणे आणि आमच्या साडभाऊंना मामा. "अवं मी मामा नाई, मी तुझा आजा हावो," साडभाऊ तिला मांडीवर घेऊन समजावत. ती त्यांच्या डोक्यावर बोट ठेवून निकाल देई, "आजोबा पांढरे असते. तू काळा आहेस." कोणी नुसतं काका म्हटलं तरी ज्यांना जेवण गोड लागत नसे, ते साडभाऊ आता आजोबा म्हणवून घ्यायला कासावीस झाले. दर सुट्टीत ती यायची, मामा मामा म्हणत अंगणभर नाचायची आणि हे तोंड पाडून गिरणीत जाऊन बसायचे.

मी म्हटलं, लावणं बंद करा, आपोआप पांढरे व्हाल. त्यांनी बंद केलं. मुळांशी पांढरी पट्टी उगवली, वर काळं छप्पर तसंच. असल्या डोक्याने गिरणीच्या गल्ल्यावर बसणं साडभाऊंना मंजूर नव्हतं. मग चढवलेला काळा उतरवायची मोहीम सुरू झाली. रिठा झाला, लिंबू झालं, खायचा सोडा झाला, कोणीतरी सांगितलं म्हणून मोहाच्या बियांचं तेल चोपडून दुपारभर उन्हात बसणं झालं. त्या तेलाच्या वासाने घरातली मांजर शेजारी राहायला गेली, काळा मात्र जागचा हलला नाही. शेवटी मी त्यांना चंद्रपूरच्या एका पार्लरमध्ये नेलं. तिथल्या पोरीने केस चाचपून कपाळाला हात लावला. "काका, वर्षानुवर्षांचे थर बसले आहेत. एका बैठकीत पांढरं नाई होत. हळूहळू उतरवावं लागते, नाई तं केस तुटते." साडभाऊंना हळूहळू हा शब्दच माहीत नाही. "आजच्या आज जेवढं उतरते तेवढं उतरव," म्हणून ते खुर्चीत ठाण मांडून बसले. उठले तेव्हा मुळं पांढरी, मधला भाग नारिंगी आणि टोकं काळी. परतीच्या बसमध्ये एक वनरक्षक बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होता. उतरताना हात जोडून म्हणाला, "भाऊ, जंगलाकडे जाऊ नका. कॅमेऱ्यात आले तं आमची वाघांची मोजणी चुकते."

त्या दिवसापासून डोक्याला दुपट्टा बांधून ते वावरू लागले. सगळे एकच उपाय सांगत, टक्कल करा, नवे केस पांढरेच येतील. त्यावर मात्र साडभाऊ उसळत. "माय जित्ती हाये माझी!" आमच्याकडे बाप आधीच गेलेल्या माणसाने डोकं भादरलं की गाव एकच समजतं, आणि कोणी विचारायच्या आधी रडत दारात येतं. नव्वदीच्या आईचं असं अभद्र आपल्या हातून ते करणार नव्हते. नातीची सुट्टी जवळ येत होती आणि साडभाऊंची झोप उडाली होती.

हे सगळं खाटेवर पडल्या पडल्या माय ऐकत होती. एके सकाळी तिने लेकाला समोर बसवलं, डोक्याचा दुपट्टा सोडला आणि त्या तिरंगी प्रकाराकडे पाहून पोटभर हसली. मग म्हणाली, "मी मेल्यावर तं भादरशीनच. पण मंग मले कसं दिसन? आपल्या लेकराचं पांढरं डोक्सं पाहनं किती मायांच्या नशिबी असते रे? बोलाव न्हाव्याले."

तिने आपली खाट फाटकाशी मांडून घेतली. आत वस्तरा चालू झाला आणि बाहेर माय येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगू लागली, "मी जित्ती आहो! या, चा घ्या!" तरी शेजारची एक बाई पदर तोंडाला लावून गळा काढतच आली. माय तिला म्हणाली, "रड बाई, पण जोरानं रड. मले कमी आयकू येते." त्या दिवशी साऱ्या मोहल्ल्याने चहा पिऊन मायचं जिवंत असणं साजरं केलं.

सुट्टीत नात आली तेव्हा डोक्यावर पांढरीशुभ्र खुंटं उभी होती. तिने हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, टोचते." साडभाऊ गिरणी बंद करून दिवसभर घरी बसले. माय तर रोज त्यांना जवळ बोलावून डोकं कुरवाळायची आणि "माझा बुढा पोट्टा" म्हणून हसायची. त्या हसण्याची मला अजून आठवण येते.

यंदा धान कापणीला आलं आणि माय गेली. दहाव्याला वैनगंगेच्या काठी त्याच न्हाव्याने वस्तरा चालवला. पांढरे केस वाळूत पडले. आम्ही चालत घरी आलो, वाटेत लोक हात जोडून उभे राहत. फाटकाशी साडभाऊ थांबले. खाट तिथेच होती. रिकाम्या खाटेकडे पाहत त्यांनी तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "चा ठेवाले सांगा भाऊ. लोक येतीन."