पोटवाल्या बाई

आमच्या वैद्यबाईंना नमस्कार केला, की त्या माणसाला खोकायला लावत. समोरच्याचे हात अजून जोडलेलेच असत, तोवर बाईंचा उजवा तळहात त्याच्या पोटावर, बरोबर बेंबीवर जाऊन बसे आणि हुकूम सुटे, "हं, खोका." बाजारात हेच, लग्नाच्या मांडवात हेच. एकदा तर तेरवीच्या पंगतीत बुंदी वाढणाऱ्याला त्यांनी परातीसकट खोकायला लावलं होतं. तो खोकला, तळहाताखाली काही उसळलं नाही, तेव्हा बाई समाधानानं म्हणाल्या, "काही नाही जी. वाढा आता." सुरुवातीला लोक दचकले असतील. माझ्या आठवणीत तरी बाई समोरून येताना दिसल्या, की मोठमोठी माणसं आपण होऊन घसा साफ करायला लागत.

मोहाडीत आमच्या विणकरांच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना होता. आयुर्वेदाची रीतसर पदवी घेतलेल्या, पाटीवर नाव, पदवी, सगळं व्यवस्थित. पण ती पाटी कुणी वाचलीच नाही. अख्खं गाव त्यांना 'पोटवाल्या बाई' म्हणे. हे काय नाव पडलं, असं कुणी हळहळलं तर त्या म्हणत, "पोट कोणाले नाही? डोळेवाली झाली असती, तं चष्मा लागेपर्यंत कोणी आलंच नसतं." वरठीच्या कारखान्यात जड कामं करणारे त्यांच्याकडे येत, सिहोऱ्याकडून धानाच्या रोवणीत दिवसभर वाकलेल्या बाया येत. बेंबीचा हर्निया म्हणजे बेंबीपाशी पोटाची भिंत कमजोर होते आणि आतलं बाहेर डोकावतं. बाई मात्र 'कमजोर' म्हणत नसत, 'विरळ' म्हणत. विणकरांना विरळ म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही.

तान्ह्या पोरांची बेंबी फुगली, की आमच्याकडे तिच्यावर नाणं ठेवून वरून फडकं बांधायची पद्धत. बाई ते फडकं सोडत, नाणं पोराच्या आईच्या हातावर ठेवत आणि म्हणत, "याचं बिस्कीट घे अन् तूच खा. अंगावर पाजून राहिली ना?" मग तिला जवळ बसवून नीट सांगत, की अशी बेंबी बहुतेक पोरांची मोठी होता होता आपोआप आत जाते, नाण्यानं फक्त कातडी ओली राहते आणि चिघळते. मात्र ती फुगलेली जागा कडक झाली, पोर सारखं रडायला लागलं, ओकायला लागलं, तर इथं थांबायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात न्यायचं. हे वाक्य त्या त्याच आईकडून परत म्हणवून घेत. आई अडखळली तर पुन्हा पहिल्यापासून.

खरी गंमत त्यांच्या घरातच होती. पुढच्या खोलीत बाईंचा दवाखाना आणि मागच्या अंगणात सासूबाईंचा. सासूबाई सरकलेली बेंबी जागेवर आणणाऱ्या. रोग्याच्या पोटावर पेटता दिवा ठेवायचा, त्यावर तांब्या उपडा घालायचा, तांब्या पोटाला गच्च धरला की झालं. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. सून डॉक्टर म्हटल्यावर या घरात रोज महाभारत होईल, अशी शेजाऱ्यांना आशा होती. बाईंनी त्यांची निराशा केली. त्यांनी सासूला एवढंच सांगितलं, "आई, तांब्या लावायच्या आधी माणसाले खोकलून पाहा. बेंबी बाहेर आली, तं तांब्या नाही लावायचा. तो आतडं ओढन. माझ्याकडं पाठवा." म्हातारी महिनाभर फुगून बसली होती म्हणतात. पण पुढे मागच्या अंगणातूनही "खोक रे बाप्पा" असं ऐकू यायला लागलं, आणि पुढच्या खोलीतले कितीतरी रोगी मागच्या दारानं येऊ लागले.

आता माझ्या बाबांकडे येते. माझा बाप हट्टी, आणि हे मी अभिमानानं सांगते, कारण कोशाच्या रेशमी कापडाचा तसा काठ हट्टी माणसाशिवाय विणून होत नाही. त्यांची बेंबी बाहेर यायला लागली ते त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नाही. आमचा माग खड्ड्याचा. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाखाली दाबायच्या पावड्या, हातात इकडून तिकडे फेकायचा धोटा, आणि पोटापुढे विणलेलं कापड गुंडाळायचं आडवं लाकूड. बाबांच्या लक्षात आलं, की ते लाकूड पोटाशी ओढून घेतलं, की बेंबी आत जाते. उठलं, की पुन्हा बाहेर. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय विणकरालाच सुचेल असा होता: उठायचंच नाही. सकाळी बसले की दिवेलागणीपर्यंत खड्ड्यात. गावभर कौतुक, की या वयात काय मेहनत करतो माणूस!

आईनं एकदा आंघोळीच्या वेळी पाहिलं आणि ती बाईंकडे जाऊन रडली. बाई आल्या त्या साडी बघायच्या निमित्तानं. साडी पाहिली, काठाची तारीफ केली आणि बाबांना म्हणाल्या, "भाऊ, उठा जरा. मले बसून पाहू द्या." साठीला आलेल्या बाई पदर खोचून खड्ड्यात उतरल्या. पावड्यांवर पाय ठेवले, लाकूड पोटाला लागलं तसा त्यांचा चेहरा बदलला.

"भाऊ, हे कुठं लागते तुमाले?"

"पोटाले."

"पोटाले कुठं?"

बाबा छताकडे बघायला लागले. आई म्हणाली, "बेंबीले, बाई. यायनं मुद्दाम जवळ ओढून घेतलं."

मला वाटलं, आता बाबांची काही खैर नाही. पण बाई खड्ड्यात बसूनच खो खो हसल्या. "धन्य आहे जी! लोकं पोटाले पट्टा बांधतात, यायनं अख्खा माग बांधला!" मग वर आल्या, बाबांना खाटेवर झोपवलं, तळहात ठेवला, खोकायला लावलं, आणि हसणं थांबलं. ऑपरेशन करावं लागेल, त्या म्हणाल्या.

बाबांना भीती ऑपरेशनची नव्हतीच. ती फार वेगळी होती, आणि त्यांनी ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलून दाखवली. "पोट कापलं, का मंग लाकूड सोसत नाही, बाई. माग सुटते. अन् माग सुटला तं मी कोण हाय?" बाईंनी त्यांना खाटेवर उठवून बसवलं. त्या म्हणाल्या, "ते पाहू. आधी तुमचं पोट ऑपरेशनाच्या लायक करू."

आणि मग बाईंचं राज्य सुरू झालं. "माझं औषध भोक बुजवत नाही, भाऊ," त्यांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं. "धोतर विरलं, तं त्याले काढा पाजता का? मी फक्त ताण कमी करते." ताण कशाकशाचा, हे त्यांच्याकडून ऐकावं. खोकला आला की पोटावर ताण, म्हणून अडुळसा आणि ज्येष्ठमध. कुंथावं लागलं की ताण, म्हणून झोपताना गरम पाण्यासोबत त्रिफळा. पोट फुगलं की ताण, म्हणून लाखोळीची डाळ बंद, मुगाचं वरण, मऊ भात, ताकाची कढी. पाण्यानं भरलेली गुंडी उचलायची नाही. मागाचं लाकूड पोटापासून हातभर पुढे, आणि मधूनमधून उठून खाटेवर आडवं व्हायचं. सुपारी-तंबाखूचा खर्रा मात्र सुटता सुटेना. बाई येता-जाता खिडकीतून डोकावत आणि बाबांचा गाल फुगलेला दिसला की ओरडत, "खर्रा खाता का खोकल्याले आवतन देऊन राहिले?" बाबांनी खर्रा सोडला तो या ओरडण्याला कंटाळून, असं ते अजून सांगतात. मला वाटतं ते बाईंना घाबरत होते.

बाबांना चांगलंच बरं वाटू लागलं. खोकला गेला, पोट हलकं झालं, बेंबीही कमी दिसू लागली. आणि इथेच घोड्यानं पेंड खाल्ली. "बरं वाटून राहिलं, मंग कायले कापायचं?" बाईंनी भंडाऱ्याच्या सर्जनशी बोलून ठेवलं होतं, बाबांनी आधी सणांचं कारण काढलं, मग लग्नसराईच्या साड्यांचं. बाई आमच्या ओट्यावर बसून आईला म्हणाल्या, "माझ्या औषधानं त्यायले बरं वाटते ना, हेच माझं दुखणं आहे आता." दुसरी कुणी असती तर 'बघा, विनाऑपरेशन बरा केला' म्हणून पाटीवर रंगवून घेतलं असतं. लोक तसं बोलतही होते. बाई त्यांना उभ्या रस्त्यात थांबवून सांगत, "बरे नाही झाले जी ते. फक्त बरं वाटून राहिलं."

दिवाळीच्या सुटीत मी कॉलेजातून घरी आले होते. दुपारी बाबा मागावरून उठले आणि उभेच राहिले. बेंबी बाहेर आली होती. नेहमीसारखे आडवे झाले, पण ती आत जाईना. हात लावला तर कडक. मग ओकारी झाली. आणि हा माणूस पोट धरून पुन्हा मागाकडे रांगायला लागला, लाकडानं दाबून आत घालायला! आईनं त्यांना मागून कवेत धरलं आणि मी बाईंकडे पळाले.

बाई आल्या, मागोमाग काठी टेकत त्यांच्या सासूबाईही. तोवर दारात गर्दी. कुणी म्हणे चोळा, कुणी म्हणे एरंडेल पाजा. तेवढ्यात एकानं म्हातारीलाच गळ घातली, "आजी, तुमी हायच ना, तांब्या लावा!" ज्या म्हातारीनं आयुष्यभर तांब्या लावला, ती उंबऱ्यात काठी आडवी धरून उभी राहिली. "बाहेर आली तं तांब्या नाही. माझ्या सुनेनं सांगतलं ते झालं. सरका." त्या दोघी सासू-सुना त्या दिवशी मला जशा दिसल्या, तशा मी कधी विसरणार नाही.

आई हात जोडून म्हणाली, "बाई, एखादा काढा तरी द्या."

"पाण्याचा थेंबही नाही द्यायचा. अन् कोणी हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "आता माझं औषध म्हणजे गाडी."

शेजाऱ्यांची गाडी भंडाऱ्याला निघाली. बाई मागच्या सीटवर बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि फोनवर सर्जनना एकेक सांगत होत्या: केव्हा खाल्लं, केव्हा ओकले, केव्हापासून कडक आहे. वरठी मागे पडल्यावर बाबांनी डोळे उघडले. एवढ्या दुखण्यात त्यांनी विचारलं काय, तर, "बाई, माग सुटन का जी?"

"नाही सुटत," बाई म्हणाल्या. "मी बसवीन तुमाले मागावर."

वेळेत पोचलो. आतडं अडकलं होतं, पण शाबूत होतं. अजून उशीर झाला असता तर तेही कापावं लागलं असतं, असं सर्जन म्हणाले. भोक बुजवून त्यावर जाळी बसवली आहे, हे कळल्यावर बाबांनी पहिला प्रश्न केला, "सूत कोणतं वापरलं जी?" तेव्हा बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. म्हणाल्या, "झाला माणूस बरा."

घरी आल्यावर मात्र त्यांनी बाबांना मागाच्या खोलीतही जाऊ दिलं नाही. सर्जननी परवानगी दिली, त्यावरही बाईंनी आपले थोडे दिवस वाढवून घेतले. मग एका सकाळी त्या आल्या, खड्ड्याच्या काठावर बसल्या, बाबांना आत उतरवलं, लाकूड हातानं मापून पुढे सरकवलं. बेंबीवर तळहात ठेवला. "खोका." बाबा भीत भीत खोकले. "जोरात." बाबा जोरात खोकले. हाताखाली काही नाही. "मारा धोटा," बाई म्हणाल्या. धोटा सरकला, पावडीचा आवाज आला आणि आई स्वयंपाकघरात जाऊन रडून आली.

त्यानंतर बाबांनी आपण होऊन एक काम अंगावर घेतलं. बाजारातल्या रबरी पट्ट्यांनी उन्हाळ्यात रोग्यांच्या पोटाला घामोळं येई, म्हणून ते बाईंसाठी रुंद, मऊ सुती पट्टे विणू लागले. बाई प्रत्येक रोग्याला पट्टा देताना सांगत, "हा बरा करत नाही. ऑपरेशनापर्यंत आधार देते फक्त. माझ्यासारखाच आहे." मोठमोठ्या पदव्यांची माणसं मी नागपुरात रोज बघते. आपलं काम कुठे संपतं हे इतक्या ताठ मानेनं सांगणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. ती बाई आमच्या मोहल्ल्यातली होती, हे मी कुठेही छाती फुगवून सांगते.

सासूबाई गेल्या, बाईंचे गुडघे कुरकुरू लागले, आणि मुलगा बाईंना पुण्याला घेऊन गेला. निघायच्या दिवशी गाडीभोवती गाव जमलं. लोक वाकून नमस्कार करत होते आणि बाई एकेकाला खोकायला लावत होत्या. म्हातारे, पोरं, जावई, सगळा रस्ता खोकत होता. बाबा शेवटी पुढे झाले. बाईंनी तळहात ठेवला, बाबा खोकले. हात लगेच निघाला नाही. "काही नाही जी," बाई म्हणाल्या. त्या गाडीत जाऊन बसल्या.

बाबा अजून माग चालवतात. दर वेळी खड्ड्यातून उठले, की क्षणभर थांबतात, स्वतःचा तळहात बेंबीवर ठेवतात आणि एकदा खणखणीत खोकतात. यंदा माझ्या भावाचं लग्न झालं. नव्या सुनेनं पहिल्याच दिवशी तो आवाज ऐकून घाबरून आईला विचारलं, "बाबांले खोकला झाला का जी?"

"नाही वं," आई म्हणाली. "बाईले नमस्कार करून राहिले."