सुमित्राबाईंची हटून बसलेली खिडकी

टाउनशिपच्या बांधकाम ऑफिसात सुमित्रा देवपुजारी या बाईंचा लौकिकच असा की, त्यांनी काढलेला नकाशा हातात घेतल्यावर गवंड्याला दुसऱ्यांदा विचारायला यावं लागत नसे. नागपूरहून लग्न होऊन भोपाळला आल्या, बरखेड्यात क्वार्टर मिळालं, आणि ट्रेसिंग कागदावर शाईच्या रेघा ओढता ओढता तीस वर्षं सरली. एकदा तर मोठ्या साहेबांची सही झालेल्या जिन्यात त्यांनी एक पायरी कमी असल्याचं दाखवून दिलं. साहेब म्हणाले, "कधी मोजल्या?" तर बाई म्हणतात, "मोजल्या नाहीत साहेब, मनातल्या मनात चढून गेले. वर पोचताना पाय अधांतरी पडला." असो, ती गोष्ट सांगायला बसलं तर दिवस मावळेल.

त्या साली जुन्या क्वार्टरांच्या खिडक्या बदलायच्या ठरल्या. कागदावर सगळ्या खिडक्या सारख्या. भिंतीत मात्र एकोणीस मापं निघाली. ज्या गवंड्याचा जसा हात, तसं भोक! तोवर ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं होतं. त्यात खिडकी एकदाच बनवायची, रुंदीचा आकडा बदलला की ती आपोआप लहानमोठी होते. बाईंनी तीन महिने खपून ते शिकून घेतलं. चौकट बनवली, तिच्यात झडप बसवली, झडपेत डासांची जाळी. एका डब्यात दुसरा, दुसऱ्यात तिसरा.

आणि सोमवारी खिडकी हटून बसली. रुंदी बदलली की पडद्यावर तक्रार यायची, 'अटी पाळता येत नाहीत', आणि खिडकी जशीच्या तशी. कुठली अट, कुणाची अट, त्याचा पत्ता नाही.

ऑफिसचे प्रमुख उदयसाहेब खानविलकर पुण्याहून बदलून आलेले. माणूस सरळ, पण घड्याळाचा पक्का. म्हणाले, "सुमित्राताई, चार वाजता खिडक्यांच्या मापांची यादी वर्कशॉपला गेली पाहिजे. नाही जमलं तर काम अरेरा कॉलनीतल्या एका कन्सल्टंटला देतो. मग तुम्ही रिटायर होईपर्यंतची तीन वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळा. आरामाचं काम आहे."

आरामाचं! जुन्या फायलींवरची धूळ झटकायची. "चार वाजता देते," बाई एवढंच बोलल्या.

पलीकडच्या टेबलावर नीळकंठ भाले. दारांचं काम त्याच्याकडे आणि जीभ मोकाट. "काय ताई, अब तक वही खिडकी? सुताराला बोलावू का, रंधा मारून देईल?"

"बोलाव. तुझ्या जिभेलाही मारून घेऊ."

बाईंनी चष्मा पुसला आणि विचार केला, एकदम सगळी खिडकी ओढण्यात अर्थ नाही. त्यांनी झडप बाहेर काढून ठेवली आणि नुसत्या चौकटीला दोन मीटर रुंदी दिली. चौकट ताणली गेली, बिनतक्रार. म्हणजे ती निर्दोष. मग झडप वेगळी उघडली, तिच्यातली जाळी काढली. झडपही ताणली गेली. जाळी परत बसवली मात्र, तक्रार हजर!

"सापडलास रे," बाई पुटपुटल्या.

जाळी उघडून बघतात तर काय, तिच्या रुंदीच्या मापाला कुलूप लावलेलं. आणि लावलं कुणी? खुद्द सुमित्राबाईंनी! कागदी नकाशांच्या काळात ऑफिसची शिस्तच तशी होती. तपासलेल्या मापावर लाल पेन्सिलीची खूण पडली की ब्रह्मदेवानंसुद्धा त्याला हात लावायचा नाही. इथे मापाशेजारी कुलपाचं चित्र दिसलं, बाईंना ती लाल पेन्सिलच वाटली. तपासलं की लाव कुलूप. झडप म्हणे मोठी हो, जाळी म्हणे आठशेवीस मिलिमीटरच्या पुढे पाऊल टाकणार नाही.

कुलूप काढलं. पक्क्या आकड्याऐवजी जाळीची रुंदी झडपेच्या रुंदीशी जोडली. पण आता जाळी दोन्हीकडून झडपेच्या पट्ट्यांवर चढायला लागली! नीळकंठ खो खो हसला. "ताई, जाळी फिरायला निघाली."

तेव्हा पावणेतीन झाले होते. बाईंनी जेवणाचा डबा उघडला नाही, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. झडपेला डावी-उजवीकडे चाळीस-चाळीस मिलिमीटरची पट्टी असते, जाळी तिच्या आत बसायची. मग सूत्र लिहिलं: जाळी म्हणजे झडप वजा ऐंशी. जाळी झडपेत परत घातली, झडप चौकटीत, आणि एकेक रुंदी देत गेल्या. नऊशे, नऊशे पंधरा, नऊशे चाळीस. प्रत्येक आकड्याला खिडकी अंग मोडून सरळ बसली. एकोणिसाव्या मापाला बाईंचे डोळे भरून आले. चष्मा काढून पदराने टिपले, कुणी बघितलं नाही.

चारला दहा कमी असताना यादीचा कागद साहेबांच्या टेबलावर. साहेबांनी तीन मापं स्वतः कागदावर वजाबाकी करून ताडून पाहिली. बरोबर.

"कुठे अडलं होतं?"

"माझंच कुलूप होतं साहेब. मीच लावलं, मीच शोधलं."

साहेब हसले आणि बाईंसमोरच फोन उचलला. "कन्सल्टंटसाहेब, खिडक्यांचं काम आता नको. हां, आमच्या ताईंनी केलं. तुमची माणसं शिकायला पाठवायची तर पाठवा, पण आधी ताईंची वेळ विचारून."

बाई आपल्या टेबलाशी परतल्या तर नीळकंठ स्टूल ओढून शेजारी बसलेला. मघाचा तोरा कुठच्या कुठे.

"ताई, माझा एक दरवाजा आहे. आतली झडप वाढतच नाही बघा."

"सरक तिकडे," सुमित्राबाई म्हणाल्या, "आणि सगळ्यात आतला भाग उघड आधी."