होडीला लावलेलं कुंकू
निसर्गाच्या सान्निध्यात माणसाचा अहंकार गळून पडतो, असं म्हणतात. ओल्या नारळाचा वास आला की मला तोरणमाळचा तलाव आठवतो. त्या दिवशी धुकं इतकं होतं की पाणी कुठे संपतं आणि ढग कुठे सुरू होतात, ते कळत नव्हतं. काठावर लाल फितीमागे एक नवी होडी बांधून ठेवली होती आणि उद्घाटनाला अकराला येणारे साहेब एक वाजला तरी आले नव्हते. कोरीटहून आलेल्या माझ्या आत्याला जन्मात एकदा होडीत बसायचं होतं, आणि आमची जीप दोनला परत निघणार होती. "उद्घाटन झाल्याशिवाय होडी सुटणार नाही, मावशी," राखणदार म्हणाला. "नवं ट्रॅक्टर काय फीत कापावर चालस का? नारय फोडावर चालस," आत्या म्हणाली. देवळासाठी आणलेला नारळ तिने पिशवीतून काढला, होडीच्या टोकाला कुंकू लावलं, दगडावर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा राखणदाराच्या हातावर ठेवला. प्रसाद खाल्ल्यावर त्याला नाही म्हणवेना. त्याने फीत वर उचलून धरली आणि आत्या खालून वाकून गेली, मागोमाग मीही. मग धुक्यात नुसता वल्ह्यांचा आवाज येत राहिला. आत्या पाण्यात बोटं सोडून बसली होती. परवा पुन्हा गेलो, तर काठावर संगमरवरी पाटी दिसली, उद्घाटक म्हणून साहेबांचं नाव कोरलेली. राखणदार तोच आहे. तो म्हणाला, त्या दिवशी साहेब आलेच नाहीत.